ताटीबाहेर उभी असलेली मुलगी

आई गेली तरी रडत नाही, उलट भेटायला आलेल्यांवर खेकसते, मैत्रिणीशी बोलणं तोडते, वर्गात बाक आपटते. अशी पंधरा वर्षांची नायिका किशोर कादंबरीत आली की आमच्याकडे एक शेरा ठरलेला असतो: "हे बाहेरून आलंय. आपल्या पोरी अशा नसतात." खानदेशातल्या माणसाने तरी हे म्हणू नये. ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीचं, मुक्ताईचं, तापीकाठचं मेहूण त्याच्या दारात आहे.

शके १२१८ च्या (इ.स. १२९६) कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पाठोपाठ मार्गशीर्षात सोपानदेवांनी सासवडला. आईवडील तर आधीच गेलेले. संन्याशाची पोरं म्हणून घराला वाळीत टाकलं होतं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी देह सोडला. उरले निवृत्तिनाथ आणि मुक्ताई. पुढच्या वैशाखात, म्हणजे इ.स. १२९७ साली, मेहूणजवळ वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. वय जेमतेम अठरा.

अर्ध्या वर्षात दोन भाऊ गेले, त्या मुलीच्या मनात काय चाललं असेल? आपल्याला पाठ असतात ते तिचे ताटीचे अभंग, आणि ते भावाच्या रागाविषयी आहेत. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण बाहेर उभी राहून समजावते: जग रागाने आग झालं तर संतांनी पाणी व्हावं. पण अपमान काय एकट्या त्यांचाच झाला होता? वाळीत तीही होती, पोरकी तीही होती. तिने ताटी लावून घेतली असती तर बाहेर कोण उभं राहिलं असतं, हा प्रश्न मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकला नाही. जीभ तिची तिखट होती, हे मात्र सगळ्यांना ठाऊक. चांगदेवांचं कोरं पत्र बघून 'चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला' म्हणणारी तीच. पुढे ती आदिशक्ती झाली, एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, दर आषाढीला तिची पालखी महिनाभर चालत पंढरपूर गाठते. या सगळ्यात ती पोर होती, हे मागे पडलं.

तसं पाहिलं तर पोर असायला मुलींना वेळच कुठे होता? आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आल्या आणि तिशीत विधवा झाल्या. कुंकू पुसलं आणि त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडली, असं त्यांनी म्हटलंय. हे दुःख आहेच, पण हात बघायला आलेल्या ज्योतिष्याला त्या दारातूनच परत पाठवतात, त्या ओळींत मला राग ऐकू येतो. साधा नाही, चांगला मुरलेला. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. बाकीच्या लेकींना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, होती. निंबाला झोके बांधायचे आणि सासरबद्दल एरवी बोलता न येणारं गाण्यात बोलून घ्यायचं. दिवस मावळला की तोंड बंद.

छापील गद्यात पहिली चिडलेली मुलगी खानदेशातली नव्हे, पुण्याची. फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे. जेमतेम चौदा वर्षांच्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त आला. शीर्षकात दुःख आहे आणि आत नुसती आग. पुन्हा मुक्ताच, हा योगायोग मला सोडवत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतली यमू 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू लागली. मराठी कादंबरीच्या उमेदवारीच्या काळातच एक मुलगी 'मी' म्हणत होती, तर मग मध्ये हे सगळं कुठे गेलं?

माझ्या मते, ते वाचक ठरवताना गेलं. मुलांसाठी लिहायचं म्हणजे संस्कार आणि गंमत, असं बसत गेलं. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यावर आम्ही सगळे रडलो, आणि रडायलाच हवं. पण ते आई गेलेल्या मुलाचं दुःख आहे, आणि त्यात राग औषधालाही नाही. नंतर साहसकथा आल्या, त्यांतही सायकलवर टांग टाकणारा बहुधा मुलगाच.

दरम्यान मुलींचं वय सरकत होतं. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाची किमान मर्यादा चौदा झाली, १९७८ मध्ये अठरा. कायदा मोडणारे खूप होते, आजही आहेत. तरी बालपण आणि सासर यांच्या मधे काही वर्षं मोकळी झाली. आज यावल-रावेरकडची मुलगी फुकटच्या पासावर एस.टी.ने शाळेला जाते, येताना खिडकीशी बसून कुणाशी न बोलता विचार करते. घरी कुणी गेलं की मोठी म्हणून धाकट्यांना सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावरच येते. स्वयंपाकही.

अशा मुलीची कादंबरी लिहायची तर तिला आधी एक दार द्यावं लागेल, मग ते मोरीचं का असेना. ती आतून कडी लावते. बाहेर आजी उभी, हातात ताट: "उघड ना माय. दोन घास खाऊन घे." आतून बादली आपटल्याचा आवाज येतो.