द्राक्षबीज अर्क

द्राक्षाच्या बिया पाण्यात, अल्कोहोलात किंवा दोहोंच्या मिश्रणात भिजवून काढलेला आणि वाळवून तांबूस-तपकिरी भुकटी केलेला अर्क. अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारे) पूरक म्हणून तो गोळ्या व कॅप्सूलच्या रूपात विकला जातो. प्रोअँथोसायनिडिने ही संघनित टॅनिने (प्रथिनांना चिकटणारी तुरट वनस्पतिद्रव्ये) त्याचा मुख्य घटक होत. द्राक्षबीज तेल हा निराळा पदार्थ आहे. बियांत साधारणपणे १०–२०% तेल असते व त्यात लिनोलेइक अम्ल सर्वाधिक असते. टॅनिने मात्र तेलात जवळजवळ उतरतच नाहीत. तेलाच्या बाटलीवर अर्काचे गुण छापण्याची रीत म्हणूनच निराधार आहे. द्राक्षासव हेही वेगळे; ते मनुकांपासून होते, बियांच्या अर्कापासून नव्हे.

नाशिक जिल्ह्याचे नाव द्राक्षाशी जोडलेले असले, तरी तेथील खाण्याची बहुतेक द्राक्षे बिनबियांची आहेत. थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका हे वाण रुळल्यावर भोकरीसारखे बियांचे जुने वाण मागे पडले. बिया मिळतात त्या वाईनच्या द्राक्षांपासून. दिंडोरी, निफाड या भागांत व गंगापूर धरणाच्या परिसरात शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ यांची लागवड आहे. हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, गाळपानंतर द्राक्षांच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका चोथा उरतो. तांबड्या वाईनसाठी रस साल-बियांसह आंबवतात, तेव्हा टॅनिनांचा काही भाग वाईनमध्ये जातो. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात. म्हणून अर्कासाठी पांढऱ्या द्राक्षांचा ताजा चोथा अधिक सकस. तो लवकर वाळवला नाही, तर बुरशी धरतो.

रसायन : कॅटेचिन, एपिकॅटेचिन व एपिकॅटेचिन गॅलेट ही एकके एकमेकांना जोडून या टॅनिनांची साखळी बनते. द्राक्षबियांत हे जोड प्रामुख्याने ‘बी’ प्रकारचे असतात, म्हणजे दोन एककांत एकच कार्बन-कार्बन बंध असतो. ‘ए’ प्रकारात त्याखेरीज ऑक्सिजनमार्फत दुसरा बंध असतो. शेंगदाण्याच्या तांबड्या सालीतील टॅनिने या प्रकारची आहेत. हा फरक केवळ पुस्तकी नाही. फोलिन-सिओकाल्टो कसोटी एकूण फिनॉलेच मोजते व शेंगदाण्याचा स्वस्त साल-अर्क तिच्यातून सहज पार होतो. अमेरिकेत २०१५ च्या सुमारास तपासलेल्या बाजारातील २१ नमुन्यांपैकी ६ नमुन्यांत द्राक्षबीज आढळलेच नाही. ते मुख्यतः शेंगदाणा-सालीचे होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना ही भेसळ धोक्याची ठरू शकते.

इतिहास : अर्काचा उगम फ्रान्समधील बोर्दोचे संशोधक झाक मास्केलिए यांच्या कामात शोधतात, आणि ते बरोबर दिसते. त्यांचा १९४० च्या दशकातील प्रबंध मात्र शेंगदाण्याच्या सालीवर होता. द्राक्षबियांपासून अर्क काढण्याची पद्धत बहुधा १९७० च्या आसपासची आहे. त्याआधी पाइनच्या सालीवर काम झाले होते. पाइनसंबंधी एक कथा वारंवार येते : १५३५–३६ च्या हिवाळ्यात कॅनडातील आजच्या क्वेबेकजवळ फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिएचे खलाशी स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने) मरत असता स्थानिक लोकांनी ‘अनेडा’ नावाच्या झाडाच्या साल-पानांचा काढा देऊन त्यांना वाचवले, आणि तो गुण सालीतील टॅनिनांचा होता. झाड कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. थुजा व बाल्सम फर ही नावे अधिक पुढे येतात, पाइनच असल्याचा पुरावा दुबळा आहे. शिवाय स्कर्व्ही बरा होण्यास पानांतील क जीवनसत्त्व पुरेसे आहे. कथेचा उपयोग जाहिरातीला अधिक झालेला दिसतो. केशवाहिन्यांची गळती रोखणारे ‘पी जीवनसत्त्व’ ही हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी व रुस्नियाक यांची १९३६ ची कल्पनाही याच प्रवाहातली. १९५० मध्ये हे नाव अधिकृतपणे सोडून देण्यात आले.

ऊतकांवरील परिणाम : टॅनिने कोलॅजन व इलॅस्टिन या प्रथिनांना चिकटतात, कातडे कमावण्यामागेही हाच गुण आहे. परीक्षानळीत हा परिणाम स्पष्ट दिसतो. शरीरात अडचण शोषणाची आहे. सुटी एकके व दोन एककांचे रेणू थोडेबहुत शोषले जातात, मोठ्या साखळ्या जवळजवळ नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे लहान फिनॉलिक तुकडे करतात व रक्तात मुख्यतः तेच सापडतात. त्यामुळे मूळ अर्क पेशींवर ओतून मिळालेले निष्कर्ष ऊतकांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

रक्तातील मेद : एलडीएलचे (रक्तातील ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) ऑक्सिडीकरण धमनीकाठिण्याला कारण होते, हा विचार १९८९ पासून बळावला आणि पूरकांना आधार मिळाला. उंदरांत या अर्काने यकृतातील पित्ताम्लनिर्मितीच्या जनुकांवर परिणाम होऊन ट्रायग्लिसराइडे (रक्तातील एक मेद) घटल्याचे २००५ मध्ये दाखवले गेले. माणसांवरील नऊ चाचण्यांच्या २०११ च्या एकत्रित विश्लेषणात वरचा रक्तदाब सुमारे १.५ मिमी. उतरला, मेदांत लक्षणीय बदल नव्हता. नंतरच्या काही संकलनांत एलडीएल किंचित घटल्याचे आढळले. पण चाचण्या लहान, मात्रा व अर्क भिन्न, म्हणून २०११ चा निष्कर्ष तूर्त अधिक धरण्याजोगा वाटतो. ऑक्सिडीकृत एलडीएल कमी झाल्याचा जपानी निष्कर्ष आहे, मात्र रोग टळतो का, हे त्यातून ठरत नाही. इतर अँटिऑक्सिडंटांचा अनुभव सावध करणारा आहे. ब्रिटनमधील २०,५३६ जणांच्या चाचणीत (२००२) ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन देऊन हृदयविकार टळला नाही, उलट एलडीएल व ट्रायग्लिसराइडे किंचित वाढली. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत (१९९४) बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग वाढला.

दुष्परिणाम : बहुधा सौम्य, डोकेदुखी, मळमळ. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक समजतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत क जीवनसत्त्व (५०० मिग्रॅ.) व द्राक्षबीज पॉलिफिनॉले (१,००० मिग्रॅ.) एकत्र दिल्यावर वरचा रक्तदाब सुमारे ५ मिमी. वाढल्याचे ऑस्ट्रेलियातील २००५ च्या चाचणीत आढळले. दोन्ही स्वतंत्रपणे दिली असता ही वाढ दिसली नाही.