टेक्निकल फाउल: पंचाने शिट्टी कधी वाजवावी?

निर्णय विरुद्ध गेला म्हणून खेळाडू पंचावर ओरडतो. त्याला लगेच शिक्षा करायची, ताकीद द्यायची, की राग ओसरू द्यायचा? बास्केटबॉलमधला हा वाद मिटलेला नाही आणि त्याची मुळं खेळाच्या जन्मापर्यंत जातात.

डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला. त्यांच्या मूळ 13 नियमांत पंच दोन होते. एकाचं लक्ष चेंडूवर, दुसऱ्याचं फक्त खेळाडूंवर. धक्का देणं, धरून ठेवणं, पाय घालून पाडणं, मारणं यांतलं काही पहिल्यांदा घडलं तर फाउल. दुसऱ्यांदा घडलं तर पुढचा गोल होईपर्यंत मैदानाबाहेर. इजा करण्याचा हेतू उघड दिसला तर खेळाडू उरलेल्या संपूर्ण सामन्यासाठी बाद, आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही नाही. माणसांच्या वागण्यावर नजर ठेवायला पहिल्या दिवसापासून एक स्वतंत्र पंच असावा, ही मला नेस्मिथ यांची फार मोठी दूरदृष्टी वाटते. मात्र त्या तेरांतला एकही नियम खेळाडूच्या बोलण्याबद्दल नव्हता. उलट उत्तर देणं, हातवारे, प्रतिस्पर्ध्याला डिवचणं हे पुढे हळूहळू नियमांत आलं आणि अंगाला धक्का न लागताही होणाऱ्या या गुन्ह्यांसाठी टेक्निकल फाउल रूढ झाला.

हे छोटे गुन्हे वेळीच का रोखायचे, हे एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, मोठी किंमत देऊन शिकलं. 9 डिसेंबर 1977 रोजी सामन्यात खेळाडू कर्मिट वॉशिंग्टन यांच्या ठोशाने प्रतिस्पर्धी रूडी टॉमजानोविच यांचा चेहरा अक्षरशः मोडला. 19 नोव्हेंबर 2004 रोजी ऑबर्न हिल्सला पेसर्स-पिस्टन्स सामन्यात एका फाउलनंतर ढकलाढकली झाली. ती निवळत असतानाच प्रेक्षकांतून आलेला पेला पेसर्सचे खेळाडू रॉन आर्टेस्ट यांच्या अंगावर पडला आणि ते थेट प्रेक्षकांत घुसले. नऊ खेळाडू निलंबित झाले. आर्टेस्ट यांना 86 सामन्यांना मुकावं लागलं.

त्याआधी 2000-01 च्या मोसमात खेळाडू रशीद वॉलेस यांनी एकट्याने 41 टेक्निकल फाउल घेतले होते. तो विक्रम अजून कायम आहे. शिक्षा होऊनही वागणं सुधारत नाही हे त्यातून उघड झालं, तरी लीगने टोकाची कडक भूमिका घेतली ती 2006-07 मध्ये. तक्रारीचा सूर दिसला की शिट्टी. खेळाडूंच्या संघटनेने त्याविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. आणि त्याच मोसमात, 15 एप्रिल 2007 रोजी डॅलसला जे घडलं ते प्रत्येक नव्या पंचाने अभ्यासावं असं आहे. सॅन अँटोनियोचे टिम डंकन, एरवी अत्यंत शांत खेळाडू, बेंचवर बसून हसत होते. पंच जोई क्रॉफर्ड यांनी त्यांना त्या सामन्यातला दुसरा टेक्निकल देऊन नियमाप्रमाणे बाहेर काढलं. डंकन यांना 25,000 डॉलर दंड झाला खरा, पण क्रॉफर्ड यांनाही उरलेल्या मोसमासाठी निलंबित करण्यात आलं. पंचाने स्वतःच्या मनाला लागलं म्हणून शिट्टी वाजवली, तर त्याचाही हिशोब होतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

2010 मध्ये लीगने मग शिक्षा कोणत्या वागण्याला हे अधिक नेमकं मांडलं: हवेत ठोसे मारणं, पंचाच्या अंगावर धावून जाणं, सभ्य भाषेत का होईना पण सतत हुज्जत घालणं. क्षणिक उद्वेग मात्र चालेल. माझ्या मते योग्य रेषा हीच. चुकलेल्या निर्णयावर तोंडातून निघालेला एक उद्गार माणसाचा असतो. पाठ फिरवून पुढे गेलेल्या पंचाच्या मागे लागणं हा ठरवून केलेला अपमान असतो.

आंतरराष्ट्रीय संघटना फिबाने दुसरी बाजू हाताळली: शिक्षेचं वजन. 2014 पूर्वी टेक्निकल फाउलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी) आणि वर चेंडूचा ताबा मिळायचा. अटीतटीच्या सामन्यात एवढी शिक्षा निकालच फिरवू शकते, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत पंचांचा हात आखडणं स्वाभाविक होतं. 2014 मध्ये दोनाऐवजी एकच फ्री थ्रो झाला आणि पुढे ताब्याची तरतूदही गेली. 2014 मध्येच दुसऱ्या टेक्निकलला खेळाडू बाद हा नियम फिबातही आला. पहिली शिट्टी स्वस्त झाली आणि दुसरी महाग. लवकर वाजवायला पंचाला आता भीती नाही आणि खेळाडूला पुढचं पाऊल कुठे नेईल याची कल्पना असते.

फाउल झाल्याचं नाटक करण्याबाबत एनबीएनेही 2023-24 पासून हाच मार्ग धरला: टेक्निकल द्यायचा, प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो द्यायचा, पण हकालपट्टीसाठी तो मोजायचा नाही.