गावाचा नकाशा गावाच्या हाती: माणदेश-खानापूरची पार्श्वभूमी

कुठल्याही गावचा जुना नकाशा चावडीत उलगडून पाहा. गट, हद्दीच्या खुणा, पाणंद, ओढा सगळे त्यात सापडते. पण पावसाचे पाणी कुठून वाहते, कोणत्या खडकात मुरते, कोणती विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, हे त्यात नसते. तो नकाशा शेतसाऱ्यासाठी काढलेला होता. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजांची रयतवारी मोजणी, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचा सारा ठरवण्यासाठीची जमीनमोजणी, इथे आली. 33 फुटी साखळीने रान मोजले गेले, गुंठ्यांचा हिशोब बसला. शेतकरी मोजणीला हजर असे तो बांध दाखवायला; नियोजनात त्याला जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतरही फार फरक पडला नाही. 1972 च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत भागातली माणसे खडी फोडायला गेली. कामे वरून आखलेली, हाताला काम मिळाले एवढेच.

खरे वळण मिळाले ते सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कामगार गावी परतले, तर इथे दुष्काळ. रोजगार हमीवर रस्ते आणि खडीच का, पाण्याची कामे का नाहीत, असा प्रश्न मुक्ती संघर्ष या तिथल्या कष्टकऱ्यांच्या चळवळीने विचारला. चळवळीचे नेते भारत पाटणकर आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळाचा अभ्यास गावकऱ्यांना बरोबर घेऊन केला. पाऊसमान, पिके, विहिरी, येरळा नदीतला वाळूउपसा ही सगळी माहिती लोकांनीच मांडली. त्यातूनच बलवडी-तांदुळवाडीचे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. ठेकेदार नेत होते त्याच वाळूचा थोडासा भाग विकून लोकांनी पैसा उभारला आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही धरला. मला या साऱ्या इतिहासात सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते: ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांचीही पाणीवाटपात गणती झाली.

पुढे 1995 पासून केंद्राच्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांनी लोकसहभाग कागदावर आणला. शिवारफेरी आणि देवळापुढच्या पटांगणात रांगोळीने काढलेला नकाशा हे शब्द तेव्हापासून रुळले. रांगोळीने रस्ते, राखेने ओढे, खड्यांनी विहिरी. पुरुषांनी विहिरी मांडून झाल्या की एखादी बाई पुढे होते आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन जायची वाट दाखवते; ती वाट बहुतेकदा आधीच्या नकाशात नसतेच.

2016 मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेत साताऱ्याचा कोरेगाव तालुका होता आणि वेळू गाव पहिले आले. श्रमदानाचे फोटो सगळीकडे गेले, पण त्याआधीचे प्रशिक्षण मला जास्त महत्त्वाचे वाटते. दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी पाण्याने भरायची. दोन्हीकडे पाणी एका खुणेवर आले की त्या दोन जागा समपातळीत. फक्की टाकत पुढे जायचे आणि त्या रेषेवर चर खणायचा. डोंगरउताराची मोजणी अशी शाळकरी पोरांच्याही हाती आली.

आता गावठाणांचे नकाशे ड्रोनने निघतात, 2020 च्या स्वामित्व योजनेपासून घरांच्या मालकीपत्रांसाठी. ग्रामपंचायत विकास आराखडाही दरवर्षी बनतो. शिवारफेरीत गोळा झालेली माहिती मात्र बहुतेक गावांत स्पर्धेच्या वहीतच राहिली आहे. ती या आराखड्यात घेऊन ग्रामसभेत वाचली जावी, विहिरींच्या पातळीसह, दर वर्षी दिवाळीनंतर, रब्बीची पिके ठरवण्याआधी.