सपाट रंग आधी की छाया आधी? डिजिटल मानवाकृती रंगवण्यामागच्या दोन परंपरा

डिजिटल चित्रात माणूस रंगवायला बसलं की सहसा दोनपैकी एक वाट धरली जाते. वर रेषा, खाली सपाट रंग आणि मधे छायेचा लेयर (चित्राचा वेगळा थर), तोही खालचा रंग गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये, ही पहिली. आधी सगळी आकृती राखाडीत घडवायची आणि मग रंग चढवायचा, ही दुसरी. दोन्ही वाटा संगणकाहून जुन्या आहेत. त्या कुठून आल्या ते पाहिलं, की आज कुठे अडतात तेही कळतं.

पहिली वाट कारखान्यातली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यात प्रत्येक रंगाला छपाईची वेगळी शिळा लागे. कागद केसभर सरकला तरी रंग रेषेबाहेर जाई. अमेरिकेत अर्ल हर्डने १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडवरच्या ॲनिमेशनच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे स्टुडिओंत या सेल्युलॉइडच्या पानाच्या, म्हणजे ‘सेल’च्या, दर्शनी बाजूला रेषा आणि मागच्या बाजूला रंग, अशी विभागणी रूढ झाली. शेकडो सेलवर गालाचा मऊ उतार एकसारखा येणं शक्यच नव्हतं. म्हणून त्वचेला एक उजेडाचा टोन, एक सावलीचा, आणि मधे कडक कड. आजचं सेल शेडिंग ते हेच.

फोटोशॉप १९९० साली आलं, तेव्हा त्यात लेयर नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाले. तेव्हापासून सेलची ही रचना घरोघरी पोचली. सोबत सरकलेल्या छपाईचा एक भाऊबंदही आला: बकेटने, म्हणजे बंदिस्त भाग एका क्लिकमध्ये भरणाऱ्या साधनाने, रंग भरला की मऊ कडेच्या रेषेलगत पांढुरकी किनार राहते. निवडलेला भाग १–२ पिक्सेल वाढवून रेषेखालच्या लेयरवर भरलं की ती जाते.

मल्टिप्लाय म्हणजे निव्वळ गुणाकार. पडद्यावरच्या रंगात लाल, हिरवा आणि निळा यांची प्रत्येकी ० ते २५५ अशी किंमत असते; वरच्या आणि खालच्या लेयरची किंमत गुणून २५५ ने भागायची. त्वचा २३०, १८०, १५० असेल आणि वर १७० चा तटस्थ राखाडी ठेवला, तर १५३, १२०, १०० मिळतात. उजळपणा घटला, पण ह्यू (रंगचक्रावरची रंगाची जागा) २३ अंशांवर आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, तीव्रता) ३५ टक्क्यांवर जिथल्या तिथे. सावली मळकट दिसते ती यामुळे. त्याच जागी २००, १५०, १६५ असा गुलाबीसर जांभळा घ्या: १८०, १०६, ९७ येतात. ह्यू ६–७ अंशांवर उतरतो, सॅच्युरेशन ४६ टक्क्यांवर चढतं आणि त्वचेत जीव येतो.

दुसरी वाट तैलचित्रांच्याही आधीची. इटलीत १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने चेहऱ्याची कृती लिहून ठेवली आहे: आधी हिरव्या मातीचे दोन हात, मग गालांवर गुलाबी, मग तीन वाट्यांत कालवलेले त्वचेचे तीन टोन, एकाहून एक फिकट. हिरवा पुरता झाकायचा नाही. सावलीत तो किंचित दिसू द्यायचा. वरचे थर झिजलेल्या जुन्या चित्रांत चेहरे हिरवट दिसतात ते त्यामुळेच. पुढे तैलरंगात राखाडी चित्रावर पारदर्शक रंगाचे थर देण्याची पद्धत रुळली.

या वाटेची डिजिटल नक्कल मला फसवी वाटते. राखाडीवर रंग चढवायला वापरला जाणारा ‘कलर’ मोड खालचा उजळपणा ठेवतो आणि वरून फक्त ह्यू आणि सॅच्युरेशन घेतो. एकाच रंगाने चेहरा भरला, की कपाळापासून हनुवटीखालपर्यंत ह्यू तोच. चेन्निनीच्या चेहऱ्यात तो टोनागणिक बदलत होता. त्यामुळे राखाडीतून जायचंच असेल, तर राखाडीच्या प्रत्येक टोनाला वेगळा रंग देणारा ग्रेडियंट मॅप बरा: गडद टोनांना लालसर तपकिरी, मधल्यांना तांबूस, उजळ टोनांना फिकट पिवळसर.

उजेड आणि सावलीच्या सीमेवर लाली का येते, याचं कारण शरीरात आहे. प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त त्यातला हिरवा-निळा भाग जास्त शोषतं आणि लाल लांबवर पसरून बाहेर येतो. त्रिमितीय संगणकचित्रांसाठी हे पसरणं झटपट मोजण्याचं व्यवहार्य गणित येन्सेन हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलं. हाताने रंगवताना सीमेवर एक अरुंद पट्टी घ्यावी, ह्यू ५–१० अंश लालाकडे आणि सॅच्युरेशन थोडं वर. कान, नाकपुड्या, बोटांची टोकं इथे पट्टी रुंद ठेवावी.

मात्र हे आकडे उजळ त्वचेचे. गडद त्वचेत मेलॅनिन बराच प्रकाश शोषून घेतं आणि ही लाली दबते. तिथे घडण दिसते ती पृष्ठभागावरच्या चमकेतून. त्या चमकेला पांढरा न देता आजूबाजूच्या उजेडाचा रंग द्यावा: उघड्यावर आकाशाचा निळसर, दिव्याखाली पिवळा.