शीघ्रपतन : एका मिनिटाच्या रेघेची पार्श्वभूमी

चरकसंहितेत शुक्रगत वाताची (वीर्यात बिघडलेल्या वाताची) लक्षणे सांगताना वीर्य लवकर सुटणे आणि अडून राहणे ही दोन्ही एकत्रच येतात. तिथून थेट विसाव्या शतकात यायला हरकत नाही, कारण आज दवाखान्यात ज्या कसोटीवर निदान होते ती, म्हणजे एका मिनिटाची मर्यादा, अगदी अलीकडची आहे.

१९१७ च्या सुमारास युरोपातल्या मनोविश्लेषकांनी या तक्रारीचे मूळ पुरुषाच्या मनात दडलेल्या स्त्रीद्वेषात शोधले. रुग्णाला या निदानाचा उपयोग काय झाला असेल, देव जाणे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका मूत्ररोगतज्ज्ञाने साधा उपाय मांडला : उत्तेजना शिगेला पोचण्याआधी थांबायचे, ओसरू द्यायची, पुन्हा सुरू करायचे. १९७० मध्ये त्याला शिश्नाग्राखाली दाब देण्याच्या तंत्राची जोड मिळाली. सुरुवातीचे यशाचे दावे डोळे दिपवणारे होते, पण पुढे काही वर्षांनी त्याच जोडप्यांकडे पाहिले तेव्हा फायदा बराच ओसरलेला दिसला.

तोवर 'लवकर' म्हणजे किती, हे कोणी नीट ठरवलेच नव्हते. १९७० च्या पुस्तकात कसोटी होती ती जोडीदाराच्या समाधानाची. निम्म्याहून अधिक वेळा तिला तृप्ती मिळत नसेल, तर पुरुष रुग्ण. म्हणजे पुरुषाचे निदान बाईच्या शरीरावरून! १९८० च्या अमेरिकी मानसविकार-सूचीने 'वाजवी नियंत्रण नसणे' असा मोघम शब्दप्रयोग केला. त्याआधी १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीने सुमारे तीन चतुर्थांश पुरुष दोन मिनिटांत मोकळे होतात असे नोंदवून यात विकार कसला, असा उलट प्रश्न केला होता.

घड्याळ आले ते औषधांबरोबर. नैराश्यावरच्या गोळ्यांनी वीर्यपतन लांबते हा दुष्परिणाम १९७३ पासून उपचार म्हणून वापरला जाऊ लागला. १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यातल्याच पॅरॉक्सेटिनची चाचणी झाली. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा या वेळेशी संबंध आहे, हा विचार त्यानंतर बळावला. औषधाने किती फरक पडला हे मोजायचे तर सेकंद हवेत, म्हणून योनिप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा वेळ मोजायला जोडीदाराच्या हातात स्टॉपवॉच आले. २००५ मध्ये पाच देशांतल्या ५०० जोडप्यांची अशी मोजणी प्रसिद्ध झाली. मध्यक (निम्मे खाली, निम्मे वर) निघाला ५.४ मिनिटे; सगळ्यात कमी अर्धा मिनिट, सगळ्यात जास्त ४४ मिनिटे. त्या पाच देशांत भारत नव्हता.

याच आकड्यांतून रेघ निघाली. सर्वांत खालचे अर्धा टक्का पुरुष साधारण ०.९ मिनिटाच्या आत होते, अडीच टक्के १.३ मिनिटांच्या आत. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने पहिल्या संभोगापासूनच असलेल्या प्रकारासाठी 'सुमारे एक मिनिट' ही मर्यादा घातली; सोबत ताबा नसणे आणि त्याचा मनस्ताप या अटीही होत्या. २०१३ च्या मानसविकार-सूचीने मिनिट उचलले. २०१४ मध्ये नंतर उद्भवणाऱ्या प्रकारासाठी तीन मिनिटांची मुभा आली.

माझ्या मते या रेघेने उपकार जास्त केले. जुन्या प्रश्नावल्यांत २० ते ३० टक्के पुरुष शीघ्रपतनाचे धनी ठरायचे. घड्याळ लावल्यावर ते प्रमाण अगदी थोडे उरले. पण अडचणही खरी आहे. दीड मिनिटवाला, खचलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. शिवाय हे मिनिट फक्त योनिसंभोगाचे, म्हणजे समलिंगी पुरुषांचा हिशेब नाहीच. आणि गंमत अशी, की खास याच तक्रारीसाठी आणलेल्या डॅपॉक्सेटिन या औषधाच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत प्रवेशाची अट दोन मिनिटांची होती. तिथे सरासरी ०.९ मिनिटावरून ६० मिलिग्रॅमच्या गोळीने वेळ ३.३ मिनिटांवर गेली, आणि नुसत्या खोट्या गोळीनेही १.७५ वर. अमेरिकी नियामकाने २००५ मध्ये हे औषध नाकारले. २००९ पासून युरोपात ते मिळू लागले. बधिर करणारे स्प्रे त्यामानाने बिनबोभाट आले. लिंगताठरतेची तक्रार किंवा वाढलेले थायरॉइड आधी पाहावे, हे मात्र अजूनही घाईत राहून जाते.

आपल्याकडे याची दुसरीच बाजू आहे. १९५४ च्या कायद्याने लैंगिक शक्तीच्या औषधांची जाहिरात बंद केली. औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात तर शीघ्रपतनाचे नावच आहे : ते बरे करतो असा दावा औषधावर करता येत नाही. तरी एसटी स्टँडजवळच्या भिंती आणि 'दर महिन्याला अमुक लॉजवर भेटा' हे फलक पाहिले की तो कायदा कोणासाठी होता असे वाटते. मुंबईतून १९२७ ते १९५३ या काळात निघालेल्या एका मराठी मासिकाने लैंगिक दुबळेपणाच्या असल्या भीतीवर सडेतोड लिहिले, त्याबद्दल त्याच्या संपादकाने खटलेही सोसले. वेळ अगदी सामान्य असूनही आपण कमी पडतो असे मानणाऱ्या पुरुषांना तज्ज्ञांनी मांडलेल्या नव्या वर्गीकरणात वेगळा गट मिळाला आहे. लॉजवाल्याचे गिऱ्हाईक बहुधा तेच, आणि त्यांना गोळीपेक्षा दहा मिनिटांचे नीट बोलणे पुरते.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक रोगवर्गीकरणाने मिनिटाचा उल्लेखच टाळला. 'फार थोडा वेळ' एवढेच म्हटले आणि योनिसंभोगाबरोबर इतर लैंगिक उत्तेजनाही धरली. अमेरिकी सूचीत मिनिट कायम आहे. त्यामुळे तो दीड मिनिटवाला एका पुस्तकात रुग्ण ठरू शकतो, दुसऱ्यात नाही.