क्रियापद आणि त्याची कारके: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वाक्यातील नामे क्रियापदाशी कोणत्या नात्याने बांधलेली असतात, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार पाणिनीच्या अष्टाध्यायीत आढळतो. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात अपादान (जिथून दूर जायचे ते), संप्रदान (ज्याला उद्देशून क्रिया तो), करण (साधन), अधिकरण (आधार), कर्म आणि कर्ता ही सहा कारके, म्हणजे क्रियेतील नामांच्या भूमिका, याच क्रमाने येतात. दोन नियमांचा विरोध झाल्यास नंतरचा बलवान, असे त्याच पादात ठरलेले असल्यामुळे कर्ता शेवटी येण्याला अर्थ आहे. विभक्तीचे नियम मात्र दुसऱ्या अध्यायात आहेत. भूमिका वेगळी आणि ती दाखवणारा प्रत्यय वेगळा, ही फारकत त्या मांडणीचा कणा आहे.

‘अनभिहिते’ (2.3.1) या एका पदाच्या सूत्राने हे दोन थर जोडले जातात. क्रियापदाच्या प्रत्ययाने जे कारक आधीच सांगितले, ते विभक्तीने पुन्हा सांगायचे नाही. म्हणून कर्मणि प्रयोगात कर्म प्रथमेत आणि कर्ता तृतीयेत जातो, पण कर्ता कर्ताच राहतो. शिवाय धातूचा अर्थ बदलला की कारकही बदलू शकते, याची नोंद पाणिनीने बारकाईने घेतली आहे: भीतीच्या धातूंसह भयाचे कारण अपादान ठरते, रागाच्या धातूंसह ज्याच्यावर राग तो संप्रदान, पण ‘क्रुध्’ आणि ‘द्रुह्’ यांना उपसर्ग लागला तर तोच कर्म होतो.

युरोपात दीर्घकाळ उद्देश्य आणि विधेय या ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रातून आलेल्या दुभागणीचा पगडा राहिला. तिच्यात कर्म विधेयाच्या पोटात जाते आणि क्रियापदाशी थेट नाते सांगणारे दोन समान घटक दिसत नाहीत. 1879 साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे याने ही दुभागणी बाजूला सारून विधान म्हणजे फलन (रिकाम्या जागा असलेले गणिती सूत्र) आणि त्याला पुरवलेले घटक, अशी गणिती मांडणी केली. व्याकरणात तसाच पालट फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसियँ तेन्येर याच्या 1959 साली, मरणोत्तर प्रकाशित झालेल्या ग्रंथाने घडवला. त्याने वाक्याच्या केंद्रस्थानी क्रियापद ठेवले आणि अणूप्रमाणे त्याचीही संयुजा, म्हणजे ठरावीक संख्येने घटक जोडून घेण्याची क्षमता, मानली. ‘देणे’ या क्रियापदाला तीन सहभागी लागतात, ‘पाहणे’ याला दोन, ‘झोपणे’ याला एक. एकही न लागणारी क्रियापदेही असतात: मराठीतील ‘उजाडले’, ‘सांजावले’ ही भावकर्तृक (वेगळा कर्ता नसलेली) रूपे त्याच जातीची आहेत.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर याने 1968 मध्ये भूमिकांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. इंग्रजीत उघडणारा माणूस, किल्ली आणि दार हे तिन्ही एकाच क्रियापदाचे उद्देश्य होऊ शकतात. म्हणजे उद्देश्यपदावरून भूमिका ओळखता येत नाही. पाणिनीच्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. 1981 मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की याने प्रत्येक सहभागी घटकाला एकच भूमिका आणि प्रत्येक भूमिकेला एकच घटक, असा कडक नियम घातला. पण मुळात भूमिका किती, यावर एकमत होईना. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड डाउटी याने 1991 मध्ये काढलेला मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो: भूमिकांची बंदिस्त यादी सोडून त्याने कर्तृत्वाच्या आणि कर्मत्वाच्या लक्षणांचे दोन पुंजके मानले. ज्या घटकात पहिल्या पुंजक्यातील लक्षणे अधिक, तो उद्देश्य होतो.

मराठीत या वादाला स्वतःचे टोक आहे. ‘मुलाने पोथी वाचली’ यात क्रियापद कर्माच्या मागे जाते, ‘मुलाने चोराला पकडले’ यात कोणाच्याच मागे जात नाही, आणि ‘मला पोथी आवडते’ यात क्रियापद पोथीप्रमाणे चालत असले तरी आवड अनुभवणारा चतुर्थीत बसतो. त्याला कर्ता म्हणायचे की नाही, हे कर्ता अर्थावरून ठरवायचा की रूपावरून, यावर अवलंबून आहे. डाउटीच्या कसोटीने जाणीव हे कर्तृत्वाचे लक्षण असल्याने ‘मला’चे पारडे जड होते, क्रियापदाची सुसंगती मात्र पोथीच्या बाजूने साक्ष देते.

भाषाशास्त्रज्ञ अॅडेल गोल्डबर्ग हिने 1995 मध्ये सहभागींची संख्या एकट्या क्रियापदावर अवलंबून असते, या समजुतीलाच आव्हान दिले. इंग्रजीत ‘शिंकणे’ या अकर्मक क्रियापदालाही, शिंकेने एखादी वस्तू टेबलावरून उडवली अशा अर्थी, कर्म जोडता येते. ते कर्म धातूने मागितलेले नसून वाक्यरचनेने पुरवलेले आहे, असे तिचे म्हणणे.