रिफायनरीचं खारं पाणी आणि त्यात जगणारे जिवाणू

(लातूर परिसरातील तेल रिफायनरीधारक ग्राहकांसाठी)

लोणचं टिकतं ते मिठामुळे. नासवणाऱ्या जंतूंच्या अंगातलं पाणीच मीठ ओढून घेतं. तुमच्या ईटीपीतही, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणेतही, हेच घडतं. सोयाबीन तेल कॉस्टिकनं शुद्ध करताना सोपस्टॉक, म्हणजे साबणासारखा गाळ, निघतो. तो सल्फ्युरिक ॲसिडनं फोडला की ॲसिड ऑइल वर येतं आणि खाली सोडियम सल्फेटनं, म्हणजे एक प्रकारच्या मिठानं, भरलेलं आंबट, तेलकट पाणी उरतं. ते थेट एअरेशन टाकीत, म्हणजे हवा देऊन जिवाणू पोसण्याच्या टाकीत, गेलं की पाणी गढूळ होतं, गाळ बसेनासा होतो. मग ग्राहक कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, बदलून मागतात. पण बहुतेक वेळा दोष कल्चरचा नसतो, मिठाच्या अचानक धक्क्याचा असतो.

मिठात जगणारे सूक्ष्मजीव असतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, ते अशाच जिवांमुळे. तेलविहिरीतून कच्च्या तेलासोबत निघणारं पाणी तर कधी समुद्राहूनही खारट असतं. तेही मीठ सोसणाऱ्या जिवाणूंकडून साफ करता येतं.

शेण-गुळानं गोड्या पाण्याची टाकी सुरू होते, इथं त्या विरजणानं काम होत नाही. आम्ही मीठ सोसणारं कल्चर टाकतो आणि खारट पाण्याचं प्रमाण काही आठवडे थोडंथोडं वाढवतो. त्याआधी तेल काढून घ्यायचं, सामू सातच्या आसपास आणायचा, युरिया आणि फॉस्फेट द्यायचं. लिटरला १० ग्रॅमच्या पुढे मीठ गेलं की विशेष जपायला हवं. पावसाचं पाणीही टाकीत येऊ देऊ नका: मीठ एकदम उतरलं तरी जिवाणू फुटतात. म्हणून आमचा सर्वांत मोठा आग्रह समीकरण टाकीचा, म्हणजे दिवसभराचं पाणी एकत्र मिसळणाऱ्या टाकीचा. जागा नाही म्हणून ती टाळू नका.

वीज गेल्यावर टाकीला हवा देणारा ब्लोअर फार वेळ बंद राहिला तर सल्फेटपासून कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू बनतो. जनरेटरला ब्लोअर आधी जोडा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिवाणू तेल आणि सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. नदी-नाल्यात सोडण्यासाठी बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) ३० आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा गाठली, तरी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, जवळपास तसाच राहतो. हे पाणी उसाला सोडू नका. सोडियमनं काळी जमीन चोपण होते. मिठासाठी पुढे आरओ (पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) किंवा इव्हॅपोरेटर (पाणी आटवणारं यंत्र) लागतो, त्याचा खर्च आम्ही अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो.

नमुना देताना सोपस्टॉक फोडण्याच्या दिवसाचा आणि साध्या दिवसाचा, असे दोन वेगळे कॅन आणा.